रहिमतपुरातून साताऱ्याला: वाचनयंत्रातली मराठी

दिवाळी सरली की आमच्या रहिमतपुरात फराळाचे रिकामे डबे ज्याच्या त्याच्या घरी परत जातात आणि माझ्या ओट्यावर एक-दोन वाचनयंत्रं येतात. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळुरूला नाहीतर थेट न्यू जर्सीला. सुट्टीला येताना आई-वडिलांसाठी सहा इंची ई-रीडर आणायचा, त्यात चार पुस्तकं भरून द्यायची आणि रविवारची गाडी पकडायची, अशी आता रीतच पडली आहे. सोमवारी सकाळी यंत्र माझ्याकडे.

गेल्या खेपेला शेजारचे अण्णा आले. नातवाने कुठेतरी बोट लावलं होतं आणि सगळा मेनू जपानी झाला होता. "अरे, ह्याची भाषा तेवढी मराठी करून दे की," अण्णा म्हणाले. मेनू पाच मिनिटांत इंग्रजीवर आणला. मग त्यांनी मुलीने भरून दिलेली कादंबरी उघडली आणि पहिल्याच पानावर बोट ठेवलं. 'साताऱ्याला' या शब्दातला 'ऱ्या' मोडला होता. 'या'च्या डोक्यावर रफार बसला होता, 'आचार्य'मध्ये बसतो तसा. दोन ओळी खाली 'ॲडमिशन'च्या सुरुवातीला टिंबांचं एक रिंगण आणि त्यावर लटकलेला चंद्र. "आता मेनू सरळ झाला ना? मग हे काय?"

अण्णांचा प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर एका बटणात मावत नाही. वाचनयंत्रात 'भाषा' नावाच्या निदान सहा वेगळ्या गोष्टी असतात: मेनूची भाषा, पुस्तकाच्या फाइलीत नोंदलेली भाषा, फॉन्टला कळणारी भाषा, कीबोर्ड, शब्दकोश आणि ज्या दुकानातून पुस्तक घेतलं त्याचा देश. माणसं यातल्या पहिल्याच खुंटीला पीळ देत बसतात, कारण सेटिंग्जमध्ये 'लँग्वेज' असं तिच्यावरच लिहिलेलं असतं. गेली काही वर्षं हे उद्योग करताना माझं मत पक्कं झालं आहे: मराठी वाचकाचा निम्म्याहून जास्त मनस्ताप यंत्रातून येत नाही, पुस्तकाच्या फाइलीतून येतो. म्हणून या लेखात मेनूला थोडी जागा देतो आणि फाइलीला जास्त.

मेनूचं आधी उरकू. किंडल आणि कोबो या दोन्हींच्या मेनूच्या भाषायादीत मराठी नाही. २०११च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली, ३ ऑक्टोबर २०२४ला अभिजात दर्जा मिळालेली भाषा या यादीत नाही, याचा राग यायला हवा आणि मला येतोही. पण रोजच्या वाचनात त्याने फारसं अडत नाही. सहा-सात इंग्रजी शब्द ओळखीचे झाले की सत्तरीची माणसंही यंत्र चालवतात. अँड्रॉइडवर चालणारी वाचनयंत्रं घेतली तर मराठी मेनू मिळू शकतो, कारण अँड्रॉइडमध्ये २०१४च्या ५.० आवृत्तीपासून मराठी आहे; मात्र यंत्र बनवणारी कंपनी ती यादी कापून लहान करू शकते. घेण्याआधी दुकानात सेटिंग्ज उघडून बघावं.

मेनू भलत्याच भाषेत अडकला तर घाबरायचं कारण नाही. यादीत प्रत्येक भाषेचं नाव त्या-त्या भाषेच्या लिपीत असतं, त्यामुळे जपानीच्या गर्दीतही इंग्रजीचं नाव रोमन अक्षरांत उभं असतं. अडचण असते ती त्या यादीपर्यंत पोचण्याची, आणि तिथे शब्द न वाचता जागा ओळखाव्या लागतात. किंडलवर सेटिंग्जमध्ये डिव्हाइस ऑप्शन्स आणि त्यात भाषा व शब्दकोश. कोबोवर सेटिंग्जमध्ये थेट भाषा व शब्दकोश. घरात तसंच दुसरं यंत्र असेल तर ते शेजारी ठेवून ओळी मोजत जावं. फॅक्टरी रीसेट हा अगदी शेवटचा उपाय. त्याने खात्यावर विकत घेतलेली पुस्तकं परत उतरवता येतात, पण केबल लावून भरलेली पुसली जातात. स्क्रीन नुसता थिजला असेल तर किंडलचं पॉवर बटण चाळीस सेकंद दाबून धरलं की यंत्र पुन्हा सुरू होतं आणि पुस्तकं जागच्या जागी राहतात. हा फरक ठाऊक नसल्याने गावातल्या एका बाईंची केबलने भरलेली सगळी पुस्तकं एका दुपारी गेली. पुसून टाकण्याचा सल्ला फोनवरून मिळाला होता.

आता अण्णांचा 'साताऱ्याला'.

रोमन अक्षरं एकापुढे एक ठेवली की शब्द होतो. देवनागरीत तसं चालत नाही. 'किसन' लिहिताना संगणकाच्या पोटात आधी 'क' आणि मग वेलांटी असते. डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. जोडाक्षरं, रफार, रकार ही सगळी उलथापालथ करणारा एक भाग यंत्रात असावा लागतो. सुरुवातीच्या यंत्रांत तो नसे किंवा अर्धवट असे, मग वेलांटी 'क'च्या उजवीकडे जाऊन बसे आणि पाय मोडलेली अक्षरं पानभर सांडलेली दिसत. जुन्या यंत्रावर आजही असं दिसलं तर प्रथम सॉफ्टवेअर अद्ययावत करावं. तेवढ्याने पुष्कळदा काम होतं.

पण नव्या यंत्रावरही मराठी तीन ठिकाणी अडखळते, आणि तिन्ही ठिकाणं खास मराठीची आहेत. हिंदी वाचकाला ती जाणवतच नाहीत.

पहिलं म्हणजे हा 'ऱ्य'. आचार्यांना जेवायला बोलावणं वेगळं आणि आचाऱ्यांना बोलावणं वेगळं. एक पंगतीला बसतात, दुसरे पंगत उठवतात. समुद्र तो दर्या, डोंगरातल्या त्या दऱ्या. हा फरक दाखवणारं आडवं चिन्ह हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये ते दोन वाटांनी लिहिता येतं. एक वाट ०९३१ क्रमांकाच्या, खाली नुक्ता असलेल्या 'ऱ'ची. गंमत म्हणजे हा 'ऱ' मुळात द्राविडी भाषांतला कडक र लिहून दाखवण्यासाठी ठेवलेला आहे. दुसरी वाट साध्या 'र'ला हलन्त देऊन त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह घालण्याची. पानावर दोन्ही सारखेच दिसतात. पण फाइल एका साच्यातून दुसऱ्यात नेताना ते अदृश्य चिन्ह 'कचरा' समजून झाडून टाकणारी सॉफ्टवेअर आहेत. चिन्ह गेलं की साताऱ्याचा 'ऱ्या' मोडून रफार होतो. अण्णांच्या कादंबरीत नेमकं हेच झालं होतं. यंत्राने मिळालं तेच दाखवलं.

दुसरं 'ॲ'. हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक 'अ' लिहून त्यावर चंद्र देत, अजूनही देतात. 'अ'वर मात्रा चढवणं नियमात बसत नाही असं मानणारी यंत्रं चंद्र वेगळा काढून टिंबांच्या रिंगणावर ठेवतात. उलटही होतं: फाइलीत नवं 'ॲ' असतं आणि फॉन्ट जुना असतो, तेव्हा तिथे रिकामा चौकोन येतो. रिंगण दिसलं तर दोष लिहिण्यात, चौकोन दिसला तर फॉन्टमध्ये, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं निदान झालं.

तिसरं ठिकाण 'ल' आणि 'श'. इथे वाचता न येण्यासारखं काही नसतं, म्हणून कोणी तक्रार करत नाही. पण डोळ्यांना खुपत राहतं. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श आपण पहिलीपासून गिरवले. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या आणि पुढे १० नोव्हेंबर २०२२च्या शासन निर्णयांनी अक्षरांची प्रमाण रूपं ठरवूनही दिली. युनिकोडमध्ये मात्र मराठीचा 'ल' आणि हिंदीचा 'ल' यांना क्रमांक एकच. कोणता आकार दाखवायचा हे फॉन्टने ठरवायचं आणि फॉन्ट ते ठरवतो फाइलीत भाषा कोणती नोंदली आहे त्यावरून. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठीचे वेगळे आकार आत बसवलेले आहेत. फाइल 'मी मराठी' असं बोलली तरच ते बाहेर येतात. ती गप्प राहिली किंवा 'मी इंग्रजी' म्हणाली तर हिंदी वळणाची अक्षरं समोर येतात.

फॉन्ट बदलणं वाचकाच्या हातात आहे आणि ते अवघड नाही. यंत्र केबलने संगणकाला जोडायचं, त्यात रोमन लहान अक्षरांत 'फॉन्ट्स' नावाचा फोल्डर असेल तर तो उघडायचा, नसेल तर करायचा आणि फॉन्टची फाइल त्यात टाकायची. कोबोत ही सोय पूर्वीपासून आहे, किंडलमध्ये २०१८पासून आली. मग पुस्तक उघडून अक्षरांच्या मेनूत तो फॉन्ट निवडायचा. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू, आयआयटी मुंबईचा शोभिका, एक टाइपचा मुक्त हे सगळे फुकट मिळतात. छापील पुस्तकाची सवय असलेल्यांना शोभिका बरा वाटतो असा माझा अनुभव आहे. मात्र दुकानातून घेतलेल्या प्रत्येक पुस्तकावर ही मात्रा लागू पडेलच असं नाही. प्रकाशकाने आपला फॉन्ट आत बांधून टाकला असेल तर आधी तो बंद करावा लागतो.

यानंतर येते खरी दुखरी जागा, म्हणजे फाइल. तिचं मूळ शोधायचं तर चाळीसेक वर्षं मागे जावं लागेल. भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डचं प्रमाणीकरण १९८६ला झालं, पुण्यात सी-डॅक १९८८ला सुरू झालं, त्याच वर्षीच्या इस्की या संकेतप्रणालीवरून युनिकोडची देवनागरी बेतली गेली. म्हणजे पाया घालणाऱ्यांत पुणं पुढे होतं. पण त्याच काळात छपाईचा धंदा संगणकावर आला आणि छापखान्याला संकेतप्रणालीशी देणंघेणं नव्हतं. कागदावर अक्षर सुबक उमटलं की झालं. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण अशा फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. त्या फॉन्टांनी मराठी प्रकाशनव्यवसाय उभा केला, हे मान्यच करायला हवं. आजही पुष्कळ ठिकाणी पुस्तक त्यांतच जुळवलं जातं. पण ती फाइल वाचनयंत्रात गेली आणि फॉन्ट बाजूला झाला की उरतो नुसता रोमन चिन्हांचा चिवडा. परिवर्तक सॉफ्टवेअर मिळतात, त्यांतून बहुतेक मजकूर सुखरूप बाहेरही येतो. मार खातात ती पुन्हा तीच: 'ऱ्य', 'ॲ', नि क्वचित येणारी जोडाक्षरं. परिवर्तनानंतर कोणी मुद्रितशोधन करत नाही. कागदी आवृत्तीची तीन-तीन प्रुफं वाचणारे लोक ई-आवृत्ती न उघडता पाठवून देतात, याला माझ्याकडे सौम्य शब्द नाही.

या चिवड्यावर तोडगा म्हणून पीडीएफ रुळली. बालभारतीची पाठ्यपुस्तकं, साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक पुस्तकं, ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत. तिच्यात अक्षर मोडत नाही, कारण पानाचं चित्रच पक्कं केलेलं असतं. पण मोठं पान सहा इंचांत कोंबलं की अक्षरं मुंगीएवढी होतात आणि ती मोठी करायला गेलं की ओळ स्क्रीनबाहेर पळते. यंत्र आडवं धरून वाचणं हा पहिला उपाय. के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर पानाचे तुकडे करून लहान पडद्यासाठी नव्याने मांडतं, तो दुसरा. कोरीडर हे मुक्त सॉफ्टवेअर यंत्रावर बसवता आलं तर तेही अशी मांडणी करतं. चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करायचा असेल तर टेसरॅक्टमध्ये मराठीची सोय आहे, पण जुन्या छपाईवर हाताने दुरुस्ती भरपूर करावी लागते. स्वामित्वहक्क संपलेलं जुनं पुस्तक हवं असेल तर आधी मराठी विकिस्रोत पाहावा. तिथे स्वयंसेवकांनी तपासलेला मजकूर असतो आणि तो ईपब म्हणून उतरवता येतो.

किंडलच्या भारतीय दुकानात मराठी पुस्तकं १ डिसेंबर २०१६ला हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमसोबत आली. तेव्हापासून बरीच सुधारणा झाली आहे, हे निमूट कबूल करतो. अलीकडे घेतलेल्या पुस्तकांत मोडलेली अक्षरं क्वचित दिसतात. पण केबलने किंवा ईमेलने पाठवलेल्या पुस्तकाचं काय होईल हे अजून त्याच्या फाइलीच्या कुंडलीवर ठरतं. त्या कुंडलीत भाषेचा एक रकाना असतो. मराठीसाठी तिथे रोमन 'एम' आणि 'आर' एवढी दोन अक्षरं हवीत. माझ्याकडे आलेल्या फाइलींत तिथे इंग्रजीची खूण असते, नाहीतर हिंदीची, नाहीतर रकाना कोरा. बनवणाऱ्याने साच्यातलं जुनं पान तसंच पुढे ढकललेलं असतं. कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर यावर रामबाण आहे. पुस्तक त्यात घ्यायचं, माहितीच्या चौकटीत भाषा मराठी करायची, फाइल नव्याने करून यंत्रात घालायची. अण्णांच्या कादंबरीला मी हेच केलं, वर कॅलिबरच्या संपादकात मोडलेले 'ऱ्या' शोधून बदलले. तासभर लागला. 'ल' आणि 'श' आपोआप मराठी झाले तेव्हा अण्णा म्हणाले, "आता कसं आपलं वाटतंय." कोणतं अक्षर बदललं ते त्यांना सांगता आलं नाही.

दुकानाच्या देशाचा घोळ परदेशी लेकरांच्या आई-वडिलांच्या वाट्याला येतो. यंत्र अमेरिकेतल्या खात्यावर नोंदलेलं, आणि भारतीय दुकानात दिसणारं मराठी पुस्तक त्या खात्याला मिळत नाही. किंडलपुरतं सांगायचं तर ॲमेझॉनच्या संकेतस्थळावर आपल्या पुस्तकांच्या आणि यंत्रांच्या पानात देश बदलायची जागा असते. नाहीतर यंत्र भारतातल्या खात्यावर नव्याने नोंदवावं. हे मुलीला फोन लावूनच करावं, कारण पासवर्ड तिच्याकडे असतो.

शोधाची गोष्ट मजेशीर आहे. यंत्राच्या कीबोर्डवर मराठी नसली की माणूस रोमन अक्षरांत शोधतो. वसंत कानेटकर आमच्या रहिमतपूरचे, १९२२ साली इथे जन्मले. त्यांचं नाटक शोधायचं तर आडनाव रोमनमध्ये लिहिताना त्याचं कानिटकर व्हायला वेळ लागत नाही, आणि फाइलीवर नाव देणाऱ्याचीही तीच गत झालेली असते. पुस्तकाच्या आत शोधायचं असेल तर एक युक्ती आहे: पानावर दिसलेला शब्द बोटाने दाबून निवडायचा आणि तिथूनच शोधाची आज्ञा द्यायची. कीबोर्ड लागतच नाही. पण आमच्या गावाचंच नाव शोधून बघा. मराठीत रहिमतपूर, पू दीर्घ. हिंदीत रहिमतपुर, पु ऱ्हस्व. आणि मराठीतही विभक्ती लागली की रहिमतपुरात, रहिमतपुरातून, पु पुन्हा ऱ्हस्व. यंत्र अक्षराला अक्षर जुळवतं. त्याला 'रहिमतपूर' दिलं तर 'रहिमतपुरात' सापडत नाही. अख्खं पुस्तक रहिमतपुरात घडलं तरी ते म्हणेल, असं गाव इथे नाही.

वर्णक्रमाचीही तीच तऱ्हा. पुस्तकांची यादी नुसत्या संकेतक्रमांकाने लावली तर 'ळ' हा 'ल' आणि 'व'च्या मधे येतो, शाळेत पाठ केलेल्या 'ह'नंतर येत नाही. आणि 'ॲ'ने सुरू होणारं पुस्तक आकड्यांच्याही मागे, यादीच्या तळाशी जाऊन बसतं.

विभक्ती लागताना 'रहिमतपूर'चं 'रहिमतपुरा' होतं, हाच सामान्यरूपाचा धोंडा शब्दकोशाच्या वाटेत आहे, आणि माझ्या मते पुढच्या दहा वर्षांत काम व्हायला हवं ते इथे. इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं की अर्थ उघडतो. मराठी शब्दकोश यंत्रासोबत येत नाही. बाहेरून घालावा लागतो. कोरीडर स्टारडिक्ट साच्यातले शब्दकोश घेतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ला निघाला, त्याची १८५७ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर शोधण्याजोगी करून ठेवली आहे. म्हणजे सामग्री आहे. पण 'घरातल्यांनाच' यावर बोट ठेवलं तर कोशात 'घर' आहे हे यंत्राला कोण सांगणार? 'पाण्यात'वरून 'पाणी', 'भावाला'वरून 'भाऊ', 'पुलावर'वरून 'पूल' हे पोराटोरांना कळतं, यंत्राला नाही. किंडलच्या कोशसाच्यात एका शब्दाखाली त्याची सगळी रूपं नोंदवायची सोय आहे, पण मराठी नामाला विभक्ती, शब्दयोगी अव्यय आणि वर 'च' किंवा 'सुद्धा' लागत गेले की रूपं शेकड्यांत जातात. यादी करून भागणार नाही. शब्दाचं मूळ शोधणारी रीतच बसवावी लागेल. ते काम मोठ्या परदेशी कंपनीकडून होण्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. मराठी विश्वकोश आमच्याच सातारा जिल्ह्यात, वाईला, घडला. शब्दांचा एवढा मोठा प्रपंच आपल्याच माणसांनी, परिभाषेसकट, उभा केला होता. मूलरूप शोधणारा मोफत मराठी कोश त्यामानाने आटोक्यातला आहे.

याच जिल्ह्यातल्या भिलारला ४ मे २०१७ला पुस्तकांचं गाव सुरू झालं तेव्हापासून आमच्याकडचे पाहुणे हौसेने तिकडे जाऊन येतात. कागदी पुस्तकासाठी एवढं प्रेम आहे. त्याच पुस्तकाच्या ई-प्रतीकडे मात्र कोणी बघत नाही.

ज्यांच्या हातात मोडलेलं पुस्तक आलं आहे त्यांनी यंत्राला हात लावण्याआधी दुसरं एखादं मराठी पुस्तक उघडून पाहावं. ते नीट दिसलं तर यंत्र निर्दोष आहे. पैसे देऊन घेतलेलं पहिलं पुस्तक परत करावं आणि कारण लिहावं. आणि प्रकाशकांना विनंती आहे की ई-आवृत्ती पाठवण्याआधी पहिल्या पानावर एक वाक्य टाकून ती सहा इंची यंत्रावर उघडावी, भाषेच्या रकान्यात 'एम-आर' आहे ना ते पाहावं, मगच ते वाक्य काढून टाकावं. वाक्य मी देतो: 'शाळेच्या ॲडमिशनसाठी किसन रहिमतपुरातून साताऱ्याला गेला.' हे एवढं न मोडता दिसलं, तर बाकीचं पुस्तक बहुतेक धड असतं.